परिषदेच्या सभेत बोलून आलात. इतिवृत्तात काय उतरलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गल्लीतून गाड्या भरधाव जातात, कोपऱ्यावरचा दिवा कित्येक महिने बंद आहे आणि रात्री मालवाहू गाड्यांच्या खडखडाटाने झोपमोड होते. हे सगळं तुम्ही स्थानिक परिषदेच्या रहिवासी सभेत तीनदा मांडलंत. तिन्ही वेळा ‘नोंद घेतली’ एवढंच उत्तर मिळालं. आता शेजारी म्हणतात, जाऊन उपयोग काय? चौथ्या सभेला जावं का, आणि गेलं तर काय वेगळं करावं?

जावं. पण त्याआधी मागच्या तिन्ही सभांची इतिवृत्तं मिळवा आणि तुमच्या बोलण्यातलं त्यात काय उरलंय ते वाचा. बहुधा एकच वाक्य सापडेल: ‘रहिवाशांनी वाहतूक, दिवाबत्ती व आवाज याबाबत चिंता व्यक्त केली.’

असली वाक्यं मी स्वतः ढिगाने लिहिली आहेत. बरीच वर्षं एका परिषदेत सभांची इतिवृत्तं लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. नंतर मी रहिवाशांच्या बाजूने बसून त्यांच्याकडून सभेची तयारी करून घेऊ लागले, आजही तेच करते. एक वयस्कर बाई एका चौकातल्या रस्ता ओलांडण्याच्या जागेबद्दल पाच सभांत बोलल्या होत्या. बोलायच्या इतकं चांगलं की सभागृह शांत व्हायचं. आणि मी पाचही वेळा लिहिलं, ‘चिंता व्यक्त केली.’ पुढे कधीतरी बांधकाम खात्याचा अभियंता ते कागद घेऊन माझ्याकडे आला. चौकाची कुठली बाजू, अडचण दिवसा की रात्री, कोणी काय करायचं ठरलं, असं त्याने विचारलं. कागदावर यातलं काहीच नव्हतं. त्या बाईंचे शब्द माझ्या हातून हरवले होते, आणि त्याची बोच अजून गेलेली नाही.

तेव्हापासून मी प्रत्येकाला एकच गोष्ट सांगते. सभेत प्रश्न सुटत नसतो. सभेतून प्रश्नाला एक खातं, एक माणूस आणि एक तारीख मिळवायची असते, आणि ती इतिवृत्तात उतरवून घ्यायची असते. तुमच्या तीन सभांत बोलणं झालं, पण यातलं काही हाती लागलेलं दिसत नाही.

आधी समोरच्यांच्या गप्प बसण्याविषयी, कारण रहिवासी सर्वांत जास्त त्यानेच दुखावतात. आपण जीव तोडून बोलतो आणि सदस्य मख्ख चेहऱ्याने ‘धन्यवाद’ म्हणतात. पुष्कळदा त्यामागे नियम असतो. कॅलिफोर्नियातला १९५३ चा ब्राउन कायदा घ्या: नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी जाहीर करावी लागते, आणि थोडे अपवाद सोडले तर तिच्यात नसलेल्या विषयावर सदस्यांना चर्चा किंवा निर्णय करता येत नाही. फार तर थोडक्यात उत्तर देता येतं किंवा विषय कर्मचाऱ्यांकडे सोपवता येतो. हा नियम रहिवाशांच्याच भल्यासाठी आहे, नाहीतर न कळवता कुठलाही विषय मंजूर झाला असता. सगळीकडचे नियम सारखे नसतात, पण खुल्या बोलण्याच्या वेळेत निर्णय होत नाहीत हे बहुतेक ठिकाणी लागू आहे. म्हणून तुमच्या परिषदेचे सभा-नियम आधी वाचा. रहिवाशाला आपला विषय विषयपत्रिकेवर घ्यायला लावता येतो का, त्यासाठी किती दिवस आधी अर्ज करावा लागतो, किती सह्या लागतात, हे त्यात लिहिलेलं असतं. विषय पत्रिकेवर आला की खात्याला त्यावर टिपण तयार करावं लागतं, आणि टिपण लिहायचं म्हणजे कोणीतरी जागेवर जाऊन पाहावं लागतं.

शिवाय ही सभा नेमकी कशासाठी आहे, तेही विचारून घ्या. अमेरिकेतल्या अभ्यासक शेरी अर्न्स्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. नुसती माहिती देणं तिसऱ्या पायरीवर, मत विचारणं चौथ्या, आणि सत्ता खरोखर वाटून घेणं त्याच्या बरंच वर. माहिती देण्यासाठी बोलावलेल्या सभेत निर्णयाची वाट पाहत बसलं की पदरी निराशाच येते. अशा सभेत माहितीच मागून घ्यावी आणि निर्णयासाठी योग्य सभा गाठावी.

आता तुमच्या तीन तक्रारी. त्या एका दमात मांडल्यात, हीच पहिली अडचण. वेग हे वाहतूक खात्याचं काम, दिवा विद्युत विभागाचं, आवाज बहुधा पर्यावरण किंवा आरोग्य खात्याचा. तिन्ही एकत्र आल्या की ऐकणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला वाटतं, यातलं मुख्य काम दुसऱ्याचं आहे. एका सभेत एकच विषय घ्या. बाकीचे दोन शेजाऱ्यांना वाटून द्या. त्यांची पाळी वेगळी, कागद वेगळा.

दिवा तर सभेत आणायचाच नाही. खांबावर क्रमांक असेल तर तो घेऊन रोजच्या तक्रार-नोंदणीत तक्रार टाका, तक्रार क्रमांक जपून ठेवा. ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही, तरच सभेत यायचं, आणि तेही एका वाक्यात: अमुक क्रमांकाची तक्रार, अमुक तारखेची, मुदत उलटून इतके दिवस झाले. ब्रिटनमध्ये २००७ साली सुरू झालेल्या ‘फिक्समायस्ट्रीट’ या संकेतस्थळाने हीच साधी गोष्ट केली. नकाशावर खूण करायची, तक्रार संबंधित परिषदेकडे जाते, आणि ती सगळ्यांना दिसेल अशी राहते. दिव्यासाठी भाषण लागत नाही, तारीख आणि क्रमांक लागतो.

वेगाचं तसं नाही, म्हणून त्यावर जरा थांबते. ‘गाड्या फार जोरात जातात’ हे वाक्य प्रत्येक गल्लीतून येतं. फुटपाथवर उभ्या माणसाला वेग नेहमीच जास्त वाटतो, हे अभियंत्याला ठाऊक असतं, त्यामुळे तो ते वाक्य कानाआड करतो. त्याचं लक्ष वेधायचं तर मोजून या. रस्त्याच्या कडेने मोजपट्टीने ५० मीटरचा पट्टा आखा आणि दोन्ही टोकांना सहज दिसेल अशी खूण धरा: एखादं फाटक, एखादा खांब. एकाने पहिल्या खुणेपाशी फुटपाथवर उभं राहून गाडी आली की हात वर करायचा, दुसऱ्याने दुसऱ्या खुणेपाशी स्टॉपवॉच धरायचं. १८० ला आलेल्या सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटरमधला वेग मिळतो. सहा सेकंद लागले तर ३०, चार लागले तर ४५, ३.६ लागले तर ५०. हाताच्या मोजणीत चूक राहते. चार सेकंदांच्या आसपास दोन दशांश सेकंद इकडेतिकडे झाले तर वेगात दोन-अडीच किलोमीटरचा फरक पडतो. हे सभेत आपणहून सांगून टाका, विश्वास वाढतो.

निदान शंभर गाड्या मोजा. वेगवेगळ्या दिवशी, पण वेळ तीच ठेवून. कोंडीत अडकलेल्या गाड्या सोडून द्या. मग वेग चढत्या क्रमाने लावा आणि ८५ व्या गाडीचा वेग वेगळा लिहा. वाहतूक अभियंते जगभर हाच आकडा पाहतात. शंभरातल्या ८५ गाड्या ज्या वेगाने किंवा त्याहून हळू जातात तो वेग. सर्वांत जोरात गेलेली गाडी सांगितली की तो म्हणेल, एखादा बेफिकीर चालक असतोच. ८५ वा आकडा सांगितला की त्याला कळतं, इथे रस्ताच गाड्यांना जोरात जाऊ देतोय. कोणाच्या गाडीचे नंबर टिपू नका, चित्रफिती काढू नका, गाड्या अडवू नका. तुमचं भांडण चालकांशी नाही.

वेगातल्या थोड्या फरकाने काय होतं, हेही एका ओळीत सांगा. ब्रिटनच्या ‘हायवे कोड’ या रस्ता-नियमांच्या पुस्तिकेतले आकडे सोपे आहेत: ताशी २० मैलांना, म्हणजे साधारण ३२ किलोमीटरला, गाडी थांबायला १२ मीटर लागतात, ताशी ३० मैलांना, म्हणजे ४८ किलोमीटरला, २३ मीटर. वेग दीडपट, अंतर जवळजवळ दुप्पट, कारण ब्रेक लागल्यानंतरचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. रस्ता सुरक्षेवरच्या जागतिक परिषदेच्या फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात पायी चालणारे, सायकलस्वार आणि गाड्या जिथे एकत्र येतात तिथे कमाल वेग ताशी ३० किलोमीटर असावा असं म्हटलं आहे, काही अपवाद ठेवून. म्हणजे तुमची मागणी जगावेगळी नाही.

आणि एक कळकळीची सूचना: गतिरोधक मागू नका. रहिवासी हटकून हीच मागणी घेऊन येतात आणि तिथेच अडकतात. ‘गतिरोधक बसवा’ म्हटलं की अधिकाऱ्यापुढे हो किंवा नाही एवढेच पर्याय उरतात, आणि नाही म्हणायला त्याच्याकडे रुग्णवाहिका, पाण्याचा निचरा, बसचा मार्ग अशी खरी कारणं तयार असतात. तुमच्या बाबतीत तर तो तुमच्यावरच उलटेल. रिकामी मालवाहू गाडी गतिरोधकावरून गेली की तिचा सांगाडा खडखडतो. रात्रीचा आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढेल. तुम्ही अडचण मांडा, मोजलेलं दाखवा आणि यंत्राने अधिकृत वेगमोजणी करण्याची मागणी करा. ती स्वस्त असते, तिला नाही म्हणणं अवघड असतं, आणि तिचा निकाल आला की उपाय शोधणं हे खात्याचं काम होतं. कोपऱ्यावर रस्ता अरुंद करणं, ओलांडण्याची जागा उंच करणं, गाड्या उभ्या करण्याच्या जागा आलटून-पालटून दोन्ही बाजूंना देणं, असे कितीतरी मार्ग त्यांना माहीत असतात.

आवाजाबाबत मोबाइलवरचा डेसिबलचा आकडा घेऊन जाऊ नका. डेसिबलची मोजपट्टी सरळ चालत नाही: तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, दहा वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २००९ मध्ये रात्रीसाठी घराबाहेर ४० डेसिबलची मार्गदर्शक पातळी दिली, पण ती वर्षभराच्या रात्रींची सरासरी आहे. एका रात्रीच्या मोबाइलवरच्या आकड्याची तिच्याशी तुलना होत नाही, आणि जाणकार अधिकारी ते लगेच दाखवून देईल. उलट सरासरीत तुमची झोपमोड दिसतही नाही. शांत रात्रीत तीनच गाड्या खडखडत गेल्या तरी माणूस तीनदा जागा होतो. म्हणून वही ठेवा. तारीख, वेळ, कसला आवाज, किती वेळ, घरातलं कोण जागं झालं. दोन-तीन घरांच्या वह्यांत त्याच तारखा आणि त्याच वेळा आल्या की त्या नोंदीला वजन येतं. शिवाय गाड्या ठरावीक वेळी येतात असं दिसलं, तर त्या कुठे माल पोचवतात ते शोधता येतं. कधी कधी सभेआधीच, माल उतरवण्याची वेळ बदलून प्रश्न मिटतो.

सभेत बोलण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. लिहून आणा, घरी घड्याळ लावून मोठ्याने वाचा, मिळणाऱ्या वेळेपेक्षा अर्धा मिनिट कमी ठेवा. माझ्याकडे येणाऱ्यांना मी असा साचा देते:

‘मी अमुक रस्त्यावर राहते. शाळेच्या फाटकापासून कोपऱ्यापर्यंत आम्ही चार जणांनी तीन सकाळी आठ ते नऊ या वेळेत गाड्यांचा वेग मोजला. मर्यादा इतकी आहे, ८५ व्या गाडीचा वेग इतका आला. ही मोजणी हाताने केलेली आहे, म्हणून परिषदेने यंत्राने मोजणी करावी ही आमची विनंती आहे. ती कोणाकडे सोपवली जाईल आणि तिचा निकाल कोणत्या सभेपुढे येईल, हे आज सांगावं आणि इतिवृत्तात नोंदवावं.’

शेवटचं वाक्य विसरू नका. ते वाक्य बोललं गेलं की अध्यक्षांना कोणाचं तरी नाव घ्यावं लागतं. ‘पाहू’ असं उत्तर आलं, तर शांतपणे विचारा, ‘कोण पाहतील?’ आवाज चढवायची गरज नाही.

दुसरी गोष्ट इतिवृत्त लिहिणारी म्हणून सांगते. तुमच्या बोलण्याची छापील प्रत सभा सुरू होण्याआधी लेखनिकाच्या हाती द्या. लेखनिक पाठोपाठ वीस जणांचं ऐकत असतो, त्याच वेळी लिहीत असतो, आणि सभागृहाच्या मागच्या रांगेत गलका चालू असतो. ज्यांनी मला कागद दिला त्यांचे आकडे आणि मागणी इतिवृत्तात जशीच्या तशी उतरली. ज्यांनी दिला नाही त्यांची ‘चिंता व्यक्त’ झाली. यात पक्षपात नव्हता. हाताला जेवढं झेपलं तेवढं लिहिलं गेलं.

रागाबद्दलही बोलायला हवं. तीनदा टोलवलं गेल्यावर राग येणारच, आणि तो खोटा नाही. पण सभेला बसलेला कनिष्ठ अधिकारी बहुतेक वेळा ना पैसा ठरवतो ना धोरण, आणि उद्या तुमच्या गल्लीत मोजणीचं यंत्र लावायला तोच येणार असतो. राग खात्याच्या उशिरावर काढा, तारखा सांगून. माणसावर काढू नका.

मग येतो पैशाचा भाग. मोजणी, दिवा, खूणफलक हे चालू खर्चातून होतं. रस्त्याची रचना बदलायची तर अंदाजपत्रकात तरतूद लागते, आणि ती वर्षातून एकदाच होते. मंजुरीनंतर मागणी केली तर उत्तर प्रामाणिकपणे ‘पैसे नाहीत’ असं येतं. ब्राझीलमधल्या पोर्तु अलेग्री शहराने १९८९ पासून लोकसहभागाचं अंदाजपत्रक सुरू केलं, तेव्हा वस्त्यांच्या सभा वर्षाच्या कामाच्या वेळापत्रकातच बांधल्या होत्या. पैसे वाटले जाण्याआधी लोकांनी आपले अग्रक्रम सांगायचे, हा त्यातला कळीचा भाग. तुमच्या परिषदेत अशी पद्धत नसेल, तरी अंदाजपत्रकाचा मसुदा कोणत्या महिन्यात तयार होतो ते विचारा आणि वेगमोजणीचा निकाल त्याआधी हातात येईल असं पाहा.

एक गोष्ट मात्र तुम्ही विचारली नाहीत, तरी मी ती टाळणार नाही. सभेला कोण येत नाही? बॉस्टनच्या आसपासच्या ९७ शहरां-गावांतल्या नियोजन सभांची इतिवृत्तं संशोधकांनी तपासली. बोलणाऱ्यांची नावं आणि पत्ते मतदार यादीशी जुळवून पाहिल्यावर दिसलं की बोलणारे लोक आसपासच्या मतदारांपेक्षा वयाने मोठे, अधिक करून पुरुष आणि स्वतःच्या घराचे मालक असलेले होते, आणि नव्या घरबांधणीला त्यांतले बहुतेक विरोध करत होते. भाडेकरू, लहान मुलांचे आईबाप, रात्रपाळी करणारे सभेत कमी दिसतात. तुमच्या गल्लीतल्या गाड्या अडवल्या तर त्या शेजारच्या गल्लीतून जातील का? तिथल्या कोणाशी बोलला आहात का? त्यांच्याशी आधी बोला, जमलं तर त्यांच्याच रस्त्यावरही मोजणी करा. शेजारच्या गल्लीवर ओझं टाकून मिळवलेली शांतता मला मान्य नाही. शिवाय व्यवहार असा की पुढच्या सभेला ते लोक तुमच्या विरोधात येऊन बसले, तर परिषद दोघांनाही ‘नोंद घेतली’ म्हणून मोकळी होईल.

सभेनंतरच्या दोन दिवसांत, ज्याचं नाव घेतलं गेलं त्या अधिकाऱ्याला चार ओळींचं पत्र पाठवा: सभेत काय ठरलं, कोणाकडे सोपवलं, कोणत्या सभेला उत्तर येणार, आणि यात काही चुकत असेल तर कळवावं. इतिवृत्ताचा मसुदा आला की वाचा. पुढच्या सभेच्या सुरुवातीला ‘मागील इतिवृत्त कायम करणे’ हा विषय असतो. सगळे त्या वेळी चहाच्या गप्पांत असतात, पण दुरुस्ती सुचवायची जागा तीच. तुम्हाला स्वतः बोलता येत नसेल तर तुमच्या प्रभागाच्या सदस्याला ती मांडायला सांगा. एकदा इतिवृत्त कायम झालं की पुढे प्रत्येक जण त्याचाच आधार घेतो. जुनी इतिवृत्तं द्यायला टाळाटाळ झाली तर लेखी अर्ज करा. सरकारी कागद पाहण्याचा हक्क स्वीडनने १७६६ मध्येच कायद्याने दिला, आणि आज जगातल्या शंभराहून अधिक देशांत माहिती मिळवण्याचा काही ना काही कायदा आहे. इतिवृत्त हा तर त्यातला अगदी साधा कागद.

आणि उत्तर ‘नाही’ आलं तर? ते लेखी आणि कारणासह मागा. समजा कारण दिलं की यंत्राच्या मोजणीत वेग मर्यादेत निघाला. मग मोजणी कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी आणि रस्त्याच्या कुठल्या टप्प्यावर झाली, ते पाहा. शाळेच्या सुट्टीत किंवा वळणाजवळ केलेली मोजणी वेगळं चित्र दाखवते, आणि ते तुमच्या वहीतल्या नोंदींशी ताडून पुन्हा विषयपत्रिकेवर आणता येतं. मोजणी नीट झालेली असेल आणि वेग खरोखर मर्यादेत असेल, तर तेही शेजाऱ्यांना सांगा, आणि मग विचार करा की भीती वेगाची होती की कोपऱ्यावरच्या अंधाराची. तसं असेल तर आधी त्या दिव्याचा तक्रार क्रमांक शोधून काढा.